जुने लष्करी होल्स्टर : पारख आणि मोल

खंडेनवमीच्या दिवशी ग्वाल्हेरच्या लष्करातील जुन्या घरांतून अजूनही शस्त्रे पाटावर मांडली जातात. तलवार, कट्यार, क्वचित एखादा भाला. आणि त्यांच्या शेजारी पुष्कळदा एक रिकामी कातडी पिशवी. झाकण असलेली, मध्ये फुगीर, खाली निमुळती. घरातली मुले विचारतात, "हे काय?" वडीलधारे सांगतात, "आजोबांच्या पिस्तुलाचे घर." चष्म्याचे जसे घर असते तसे हे. हळदीकुंकू वाहिले जाते, आणि दसरा झाला की ते पुन्हा माळ्यावर जाते.

पिस्तूल गेले आणि घर राहिले, असे इतक्या घरांत का झाले असावे? कारण साधे आहे. शस्त्राला परवाना लागतो. परवानेदार वारला म्हणजे ते शस्त्र जमा करावे लागते किंवा परवानाधारकाला विकावे लागते. कातड्याला परवाना लागत नाही. त्यामुळे शस्त्र दाराबाहेर गेले आणि त्याचे आवरण मात्र ट्रंकेच्या तळाशी पडून राहिले. काही घरांत तर पूर्वजाच्या फौजेतील नोकरीचा एवढाच एक पुरावा उरला आहे. नेमणुकीचे कागद वाळवीने खाल्ले, फोटो वाटणीत गेले, बिल्ले हरवले. हे कातडे राहिले, आणि त्याच्यावर काही लिहिलेलेही आहे, हे बहुतेकांना ठाऊक नसते.

न्यासाच्या या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी हाच विषय निवडण्याचे कारण असे की अशा वस्तू सध्या झपाट्याने घराबाहेर जात आहेत. वाडा पाडून सदनिका होतात, माळा रिकामा होतो, आणि कबाडी तराजू घेऊन उभा असतो. तो पितळी बटण आणि कडी तेवढी पितळेच्या भावाने घेतो. कातडे त्याला नकोच असते.

प्रथम एक सावधगिरीची गोष्ट. माळ्यावरून काढलेले होल्स्टर हाती घेतल्यावर ते खरोखर रिकामे आहे ना, हे पाहावे. पुष्कळ होल्स्टरांना बाहेरून किंवा झाकणाखाली काडतुसांची लहान घरे शिवलेली असतात, आणि जोडीच्या पट्ट्यावर काडतुसांची वेगळी पेटी असते. त्यात एखादे जुने काडतूस निघाले तर ते मुलांच्या हाती देऊ नये, घासू नये, आणि घरात ठेवूही नये. 1959 च्या शस्त्र कायद्याने परवान्यावाचून दारूगोळा बाळगणे गुन्हा आहे. जवळच्या पोलीस ठाण्यात कळवावे. आत प्रत्यक्ष शस्त्र निघाले तर तेच करावे. रिकाम्या कातड्याला मात्र कोणी हरकत घेत नाही.

आता पारखीकडे वळू. होल्स्टर कोणत्या शस्त्राचे होते हे त्याच्या आकारावरून कळते. रिव्हॉल्व्हरला मध्यभागी गोळ्यांचे फिरते चक्र असते. वर्षानुवर्षे शस्त्र आत राहिल्याने कातड्याने त्या चक्राचा फुगवटा धरलेला असतो. चपट्या, चौकोनी, फुगवटा नसलेल्या होल्स्टरात बहुधा स्वयंचलित पिस्तूल असे. फुगवट्याच्या पुढच्या कडेपासून बुडापर्यंतचे अंतर मोजले की नळीची लांबी अदमासे मिळते. मोजण्यासाठी आत लाकूड किंवा पट्टी खुपसू नये, वाळलेली शिवण उसवते. कोऱ्या कागदाची सैल सुरळी हलक्या हाताने सरकवावी.

आपल्या भागात सापडणारी बहुतेक लष्करी होल्स्टरे वेब्ली कंपनीच्या रिव्हॉल्व्हरची आहेत. इंग्रज सरकारने वेब्लीचा पहिला मार्क 1887 साली स्वीकारला. पुढच्या मार्कांतील नेहमीची नळी 4 इंचांची असे. 1915 साली, पहिले महायुद्ध चालू असताना, सहावा मार्क आला. त्याची नळी 6 इंचांची आणि मूठ चौकोनी होती. आधीच्या मुठी पक्ष्याच्या डोक्यासारख्या गोलसर असत. म्हणजे लांब, जाडजूड, ऐसपैस होल्स्टर दिसले की सहावा मार्क आठवावा आणि साल 1915 किंवा त्यानंतरचे धरावे. 1932 साली एन्फिल्डचे हलके .38 रिव्हॉल्व्हर आले. त्याची नळी 5 इंचांची असल्याने त्याचे होल्स्टर मधल्या मापाचे दिसते. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजी फौजेत कातड्याऐवजी जाड सुती पट्टीच्या विणीची होल्स्टरे पुष्कळ चालली. ती कातडी नसल्याने या लेखात त्यांचा विचार केलेला नाही.

हे मोजमाप आम्ही मुद्दाम इतक्या तपशिलाने देत आहोत, कारण त्याने घरोघरच्या दंतकथा तपासता येतात. आपल्या ग्वाल्हेरात तर प्रत्येक जुनी वस्तू 1858 च्या जून महिन्यापर्यंत मागे नेण्याची हौस आहे. राणी लक्ष्मीबाईंना येथेच वीरमरण आले, त्यामुळे हे स्वाभाविकही आहे. एका परिचित घरी आम्हांस एक होल्स्टर दाखवण्यात आले. "हे सत्तावनच्या बंडातले," असे तीन पिढ्यांनी सांगितलेले. माप घेतले तर 6 इंचांची जाड नळी आणि चौकोनी मुठीचा ठसा. झाकणाखाली शिक्का होता, त्यात कानपूर आणि 1917 साल. 1857-58 च्या धामधुमीत अधिकाऱ्यांजवळ जी रिव्हॉल्व्हरे होती ती कोल्ट किंवा ॲडम्स धर्तीची, टोपीच्या दारूची. कोल्टच्या नेव्ही नमुन्याची नळी साडेसात इंचांची आणि सडपातळ असे, त्यामुळे तिचे होल्स्टरही लांबोळके आणि अरुंद असे. घोडेस्वारांची जुनी पिस्तुले तर कमरेला नसतच. ती खोगिराच्या पुढच्या बाजूस दुतर्फा टांगलेल्या जोडहोल्स्टरांत असत. ही सगळी हकीकत सांगितल्यावर घरच्या आजींचा चेहरा उतरला. पण त्याच आजींनी मग सांगितले की त्यांचे सासरे मोठ्या लढाईत आफ्रिकेला गेले होते. त्या लढाईत ग्वाल्हेरचे पायदळ पूर्व आफ्रिकेत होते, हे इतिहासात नोंदलेले आहे. खोटी गोष्ट गेली आणि खरी हाती आली. तोवर सासऱ्यांच्या आफ्रिकेबद्दल कोणी आजींना विचारलेच नव्हते.

ज्या पट्ट्याला ही होल्स्टरे अडकवली जात, त्याचा जन्म आपल्याच देशातला आहे. सॅम्युएल ब्राऊन हा दुसऱ्या पंजाब घोडदळाचा अधिकारी. 31 ऑगस्ट 1858 रोजी पिलिभीतजवळ सिरपुरा येथील चकमकीत त्याचा डावा हात खांद्यापासून तोडला गेला. तलवार उपसताना म्यान डाव्या हाताने धरावी लागते. हात नसल्यावर म्यान हलू लागली. म्हणून त्याने कमरपट्ट्याला खांद्यावरून तिरपा जाणारा आधारपट्टा जोडला, तलवार एका जागी पक्की केली आणि पिस्तुलालाही पट्ट्यावर जागा दिली. हा पट्टा आधी हिंदुस्थानातील अधिकाऱ्यांत पसरला, आणि शतक बदलण्याच्या सुमारास सगळ्या इंग्रजी सैन्यात रूढ झाला. पुढे जगभरच्या सैन्यांनी आणि पोलिसांनी तो उचलला. आपण त्याला नुसता "क्रॉस बेल्ट" म्हणतो.

या पट्ट्याचे होल्स्टर ओळखणे कठीण नाही. तपकिरी जाड कातडे, वर झाकण, झाकण अडकवायला पितळेचे गोल डोक्याचे बटण, आणि मागे पट्टा ओवण्याची फीत. कातडे काळे असले म्हणजे कोणी रंगवले असेल असे एकदम मानू नये. रायफल पलटणी आणि गुरखा पलटणी यांचे अधिकारी काळाच पट्टा वापरीत.

येथे एक अडचण आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. हाच पट्टा आणि हेच होल्स्टर पोलीस खात्यातही चालले. फौजदार आणि इन्स्पेक्टर ते सर्रास वापरीत. त्यामुळे आकार आणि रंग पाहून "हे लष्करी आहे" असे ठामपणे म्हणता येत नाही. त्याचा निर्णय शिक्क्यावर आणि नावावर होतो. पोलीस खात्यातील पूर्वजात कमीपणा काही नाही, पण विकणारे मात्र प्रत्येक होल्स्टराला पलटणीचे करून दाखवतात. घेणाऱ्याने सावध राहावे.

शिक्का शोधायचा तो झाकणाच्या आतल्या बाजूस, पाठीवर, आणि पट्ट्याच्या फितीखाली. खोली अंधारी करून मोबाईलचा दिवा कातड्याच्या अगदी बाजूने, आडवा धरावा. समोरून जे मुळीच दिसत नाही ते सावलीमुळे उठून दिसते. त्याच प्रकाशात फोटो घ्यावा. कागद ठेवून पेन्सिल घासण्याची युक्ती नाण्याला ठीक आहे. कातड्यावर ती करू नये.

शिक्क्यात काय असते? इंग्रज सरकारच्या मालकीची खूण म्हणजे तीन रेघांचा बाण, कोंबडीच्या पावलासारखा. त्याच्याखाली इंग्रजी 'आय' अक्षर असेल तर तो माल हिंदुस्थान सरकारचा. बाण 'सी' अक्षराच्या पोटात असेल तर कॅनडाचा. बाणाच्या दोन्ही बाजूंस 'डी' असेल तर ऑस्ट्रेलियाचा. दोन्ही महायुद्धांत सैन्ये एकमेकांशेजारी लढली आणि सामान इकडचे तिकडे गेले, म्हणून ग्वाल्हेरच्या घरात कॅनडाचे होल्स्टर निघाले तरी नवल नाही. बाणाची कोणतीच खूण नसेल तर ते निकामी समजू नये. अधिकारी आपला सरंजाम पदरचे पैसे खर्चून घेत असत. मुंबईच्या काळा घोड्याजवळील आर्मी अँड नेव्ही स्टोअर्ससारख्या दुकानांतून किंवा छावणीतल्या जिनगराकडून. दुकानाचे नाव मग सोनेरी किंवा दाबलेल्या अक्षरांत झाकणाखाली असते.

हिंदुस्थानात सरकारी कातडी कामाचे मोठे ठिकाण कानपूर. तेथील सरकारी खोगीर-सरंजाम कारखाना 1857 च्या उठावानंतरच्या वर्षांत उभा राहिला. पुढे खाजगी कारखानेही निघाले. त्यांत कूपर ॲलन कंपनीचे नाव शिक्क्यांवर आढळते. बाभळीची साल तेथे मुबलक, आणि त्या सालीवर कमावलेले कातडे जाड, टणक, तांबूस होते. कानपूरच्या शिक्क्याने काळही कळतो. इंग्रजी अमदानीत त्या गावाचे स्पेलिंग 'सी' अक्षराने सुरू होई. 'के'ने सुरू होणारे आजचे स्पेलिंग स्वातंत्र्यानंतर आले. म्हणजे कानपूरचे नाव 'के'ने लिहिलेले होल्स्टर कोणी पहिल्या महायुद्धातले म्हणून दाखवू लागला तर नमस्कार करून घरी यावे.

आकड्यांचीही अशीच मदत होते. आपल्या पुष्कळ घरांच्या सोयरिकी बेळगावकडे आहेत आणि तिकडच्या मंडळींकडे मराठा पलटणींचे सामान असते. 1922 पूर्वी या पलटणींचे क्रमांक 103, 105, 110, 114, 116, 117 असे होते. 1922 च्या फेररचनेत त्या पाचव्या मराठा रेजिमेंटच्या बटालियन झाल्या. 103 ची 1/5 झाली, 105 ची 2/5, 110 ची 3/5. म्हणून कातड्यावर नुसते 110 असेल तर ते 1922 च्या आधीचे, आणि 3/5 असेल तर नंतरचे. 103, 110 आणि 117 या पलटणींचे लोक मेसोपोटेमियात कूटच्या वेढ्यात होते. 29 एप्रिल 1916 रोजी तेथील फौज शरण गेली. असा एक आकडा आणि त्याच्या जोडीला घरात चालत आलेली "आजोबा तुर्कांच्या कैदेत होते" ही आठवण, एवढे जुळले तरी त्या घराचा शंभर वर्षांपूर्वीचा एक धागा हाती येतो.

संस्थानी फौजेच्या बाबतीत एवढे ध्यानात ठेवावे की ग्वाल्हेर आणि इंदूर ही संस्थाने 1948 साली मध्य भारतात आली, आणि पुढच्या काही वर्षांत संस्थानी पलटणी भारतीय सैन्यात विलीन झाल्या किंवा मोडल्या. त्यानंतरच्या सालाचा शिक्का असेल तर ते होल्स्टर संस्थानी नोकरीतले असू शकत नाही.

आता हाताने लिहिलेल्या नावाविषयी. शिक्क्यापेक्षाही त्याचे महत्त्व अधिक आहे. अधिकारी आणि सुभेदार-जमादार आपले नाव, हुद्दा किंवा पलटणीचा आकडा शाईने झाकणाच्या आत लिहीत. एकाच तंबूत दहा सारखे पट्टे टांगलेले असताना दुसरा उपाय नव्हता.

येथे आम्हांस आपलीच एक चूक सांगितली पाहिजे. आमच्या चुलत आजोबांचे असे एक होल्स्टर घरात होते. लहानपणी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ते "साफ" करण्याचे काम आमच्याकडे असे, आणि ते आम्ही फार मनापासून करीत असू. आधी ओल्या फडक्याने पुसायचे, मग खोबरेल तेल चोळायचे, मग बुटाचे पॉलिश. किती वर्षे हे केले त्याची मोजदाद नाही. झाकणाच्या आत काही निळसर अक्षरे होती हे अंधुक आठवते. पुढे कधी या विषयाची गोडी लागली आणि आम्ही आडवा दिवा धरून बसलो, तेव्हा आतले कातडे सबंध काळे आणि चिकट झालेले होते. शिक्क्यातील 1916 एवढे वाचता आले. शाईच्या अक्षरांतून एक वेलांटी आणि एक आकडा उरला आहे. तो आकडा एक आहे की सात, यावर घरात दोन मते आहेत. आजोबा कोणत्या पलटणीत होते हे सांगणारे आज कोणी नाही, आणि ज्या एका ठिकाणी ते लिहिलेले होते ते आमच्याच हाताने पुसले गेले.

म्हणून तेल लावू नये, पॉलिश करू नये, खोगिराचा साबणही लावू नये. तेल आत मुरते, कातडे काळवंडते, कालांतराने तेल घट्ट होऊन कातडे कडक होते आणि धूळ धरते. पावसाळ्यात बुरशी आली तर होल्स्टर अंगणात नेऊन कोरड्या मऊ ब्रशाने झाडावे. कडक उन्हात टाकू नये, सावलीत वारा द्यावा. पितळी बटणाभोवती हिरवे मेणासारखे काही जमलेले दिसते. ते तेलातील आम्लाची तांब्याशी झालेली प्रक्रिया आहे. लाकडी काडीने ते हळूच खरवडावे, पितांबरीने घासू नये. हळदीकुंकवाचे डाग तसेच असू द्यावेत. तीही त्या वस्तूची हकीकतच आहे.

कातड्याला हात लावल्यावर बोटांना तांबडी भुकटी लागत असेल तर तो रोग आहे. वनस्पतींच्या सालीवर कमावलेल्या कातड्यावर हवेतील गंधकयुक्त वायूंचा परिणाम होऊन त्याचे तंतू तुटतात. गेलेले बळ परत येत नाही. वस्तुसंग्रहालयांतील जाणकार विशिष्ट द्राव लावून ती भुकटी बांधून ठेवतात. घरी काही प्रयोग करू नये. जुन्या, धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात सैल गुंडाळावे, आत कोऱ्या कागदाचा बोळा भरून आकार राखावा, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये.

नकली मालाबद्दल थोडे सांगितले पाहिजे. परदेशात जुन्या युद्धांची नाटकवजा रूपे करणाऱ्या हौशी मंडळींसाठी आणि संग्राहकांसाठी अशी होल्स्टरे आजही आपल्या देशात नव्याने तयार होतात. नवी म्हणून विकली तर त्यात गैर काही नाही. चहाच्या पाण्यात बुडवून, वाळूकागदाने घासून जुनी म्हणून विकली जातात तेव्हा गैर होते. खरी झीज ठराविक जागी असते: मागे पट्ट्याच्या फितीजवळ, पुढे चक्राच्या फुगवट्यावर, झाकणाच्या घडीत, आणि बटणाच्या ताणलेल्या भोकात. घासून आणलेली झीज सगळीकडे सारखी असते. कापलेल्या कडेचा गाभा पाहावा. सालीवर कमावलेले कातडे आतपर्यंत तपकिरी असते, क्रोमने कमावलेल्याचा गाभा पुष्कळदा निळसर-करडा दिसतो. जुनी शिवण मेण लावलेल्या तागाच्या दोऱ्याची असते. दोरा चकाकत असेल तर शंका घ्यावी. दुकानदार नोटा तपासण्याचा जो जांभळा दिवा ठेवतात त्याखाली दोरा निळसर पांढरा झळकला, तर त्यात शुभ्रता आणणारे आधुनिक रसायन आहे. ही रसायने 1940 च्या दशकापासून पसरली. मात्र शिवण नंतर कोणा मोच्याने दुरुस्त केलेलीही असू शकते. एवढ्यावरून सबंध वस्तू खोटी ठरवू नये.

शिक्का नंतर मारला असेल तर तेही कळते. कातडे नवे आणि ओलसर असताना मारलेला ठसा तळाशी गुळगुळीत असतो. वाळलेल्या जुन्या कातड्यावर मारला तर ठशाच्या कडांना बारीक चिरा पडतात. शाईच्या नावाचेही तसेच. नावावरून एखादी भेग जात असेल तर भिंगाखाली पाहावे. शाई भेगेच्या आत उतरली असेल तर भेग आधीची आणि नाव नंतरचे.

इतके झाल्यावर किंमत. आम्हांस सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि त्याला एका आकड्यात उत्तर नाही. नाव-शिक्का नसलेले क्रॉस बेल्टचे तपकिरी होल्स्टर ही दुर्मीळ वस्तू नव्हे. ती लाखो अधिकाऱ्यांनी आणि पोलिसांनी वापरली. सालासह स्पष्ट शिक्का असेल तर किंमत वाढते. वाचता येणारे नाव असेल तर आणखी वाढते. आणि त्या नावाचा माणूस कागदपत्रांनी सिद्ध करता आला, किंवा तोच पट्टा घातलेला त्याचा फोटो असला, तर साध्या होल्स्टराच्या अनेक पटींनी मोल होते. उलट, तुटलेली शिवण, भुकटी झालेले कातडे, बदललेले बटण यांनी ते घटते. नव्या पॉलिशने तर घटतेच, कारण जाणकार गिऱ्हाईक पॉलिशखाली काय झाकले आहे असा संशय घेतो.

विकणाऱ्याने चिठ्ठीवर लिहिलेला आकडा ही किंमत नव्हे. तशीच वस्तू लिलावात प्रत्यक्ष कितीला गेली ते पाहावे, आणि तशा तीन-चार विक्री पाहून अंदाज बांधावा. दुकानदार त्याहून बराच कमी देणार, कारण त्याला माल सांभाळून पुन्हा विकायचा असतो. त्याला दोष देण्याचे कारण नाही. परदेशी गिऱ्हाईक मिळाले म्हणून वस्तू टपालाने धाडू नये. 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. पहिल्या महायुद्धातील होल्स्टरांनी ती शंभरी आता ओलांडली आहे.

मोल सर्वांत जास्त घटते ते मात्र वाटणीने. एका घरी आम्ही पाहिले की पट्टा थोरल्या भावाकडे, होल्स्टर मधल्याकडे इंदुरात, तलवारीचा अडकवणा बहिणीकडे वडोदऱ्यास, आणि पट्टा घातलेल्या वडिलांचा फोटो धाकट्याकडे. प्रत्येकजण आपापला तुकडा प्राणपणाने जपतो आहे, आणि एकट्या तुकड्याला बाजारात कोणी विचारीत नाही. चौघांनी मिळून सगळे एका घरात ठेवायचे ठरवले तर पैशाच्या दृष्टीनेही ते फायद्याचे, आणि नातवंडांना एका ठिकाणी पाहायला मिळेल ते वेगळेच. भावाभावांत हे बोलणे काढणे सोपे नसते, हे आम्ही जाणतो. निदान सगळ्या तुकड्यांचे फोटो काढून प्रत्येकाने एकेक प्रत ठेवावी.

वस्तू विकायची नसली, न्यासाला द्यायची नसली, तरी एक काम या दसऱ्यापूर्वी करता येईल. एका कोऱ्या कागदावर पेन्सिलीने होल्स्टराची लांबी, फुगवट्यापासून बुडापर्यंतचे अंतर, शिक्क्यात दिसलेली अक्षरे जशीच्या तशी, नाव असल्यास तेही जसेच्या तसे, आणि ही वस्तू कोणाची, कोणी सांगितले, कधी सांगितले, एवढे लिहावे. सांगणाऱ्याचे नाव विसरू नये. जे वाचता आले नाही तेथे टिंब द्यावे, अंदाजाने भरू नये. तो कागद घडी करून होल्स्टरासोबत त्याच कापडात ठेवावा. कातड्याच्या आत मात्र ठेवू नये, कातड्यातील आम्लाने कागद पिवळा पडतो.